भोक क्रमांक चौदा

अहवालाचं पहिलं वाक्य सुचेना,
म्हणून शेवटचं आधी लिहिलं:
हिऊमा बेटाकडे जाणारा बर्फावरचा रस्ता
पुढील आदेशापर्यंत बंद.
सोपं होतं. कालच फलकावर लागलंय ते.

वरची सगळी जागा रिकामी.

हाइनो म्हणतो, आधी सांगाडा उभा कर, लेलो,
मग मांस भर.
माझा आधी चिखलच होतो,
हाडं त्यात कुठेतरी.

बंदरावरच्या कॅन्टीनमध्ये बसलेय,
जुनी बिलं उलटी करून, येईल तसं लिहीत.
व्हॅन पांढरी, पाव पोचवणारी.
वारा नैर्ऋत्येचा.
वेग पंचवीस, फार तर तीस.
काल्यू रंद दार ढकलून बाहेर आला,
पट्टा लावला नव्हता म्हणून.
बर्फावर पट्टा लावायचा नसतो,
हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
पाव तरंगत होते बराच वेळ.
हे लिहायचं का?
लिहून ठेव. पेन्सिल आहे, खोडता येईल.

मग ऑफिसची भाषा आठवून बघितली.
बर्फाला तडा गेला.
जातोच तडा, आपला आपण,
त्याला कुणी पाठवावं लागत नाही.
जाडीची मोजणी करण्यात आली.
आली म्हणे.
कुठून आली, कोणाचा हात धरून,
वाक्य काही विचारत नाही.

सहा बिलं झाली. टेबलावर मांडली,
फिरवली, परत मांडली.
सातवं बशीखाली अडकलेलं.
त्यावर माझंच अक्षर, वाऱ्याच्या आणि पावांच्या मधे
कधीतरी खरडलेलं:
चौदा. ड्रिल गोठलं. तेराचाच आकडा टाकला.

हे मी लिहिलं?
हाताने मला विचारलंसुद्धा नाही.

मंगळवार होता. बोटं निळी पडलेली.
तेरापासून चौदा ऐंशी पावलांवर,
शेजारी शेजारी, म्हटलं,
एवढ्यात काय फरक पडतोय.

उल्ले कॉफीचं भांडं घेऊन आली.
बिलं दे गं परत, म्हणाली,
रात्री हिशेबाला लागतात.
सहा दिली.
सातव्याच्या एका बाजूला मटारचं सूप,
दोन युरो ऐंशी.
दुसऱ्या बाजूला मी.

हे राहू दे, सुपाचे पैसे मी भरते, म्हटलं,
आणि पेन आहे का एखादं?
तिच्याकडे हिरवं होतं.
चालेल.