ऐंशी ग्रॅमचा कागद

कारखान्याचा भोंगा बंद होऊन चौदा महिने झाले.
अजून पहाटे पावणेपाचला डोळा उघडतो,
आणि बाहेर अंधार इतका गच्च
की उघडलाय की मिटलेलाच आहे, कळत नाही.

मी राइली केम्पाइनेन. वय त्रेपन्न.
सव्वीस वर्षं कागद केला, तीन नंबरच्या मशीनवर.
एवढं मला बिनचूक लिहिता येतं.
पुढच्या रकान्यात विचारतात : तुमची बलस्थानं सांगा.

आमच्या गावात आपली टिमकी आपणच वाजवणाऱ्याला
सौनातसुद्धा कोणी सरकून जागा देत नाही.
तरी सराव तर हवाच.
भाऊ ओस्मो गोठलेल्या नदीला भोक पाडून
गळ टाकून बसतो,
मी शेजारी स्टुलावर, हातमोज्यात हात,
माझे गुण पाण्याला ऐकवते.
मासा निसटला की ओस्मो म्हणतो,
हे उत्तर लांबलं.

उंबरठे झिजवायचे म्हणावं
तर उंबरठेच उरले नाहीत.
सगळे दरवाजे एका काचेत,
आणि काचेला आतून कडी.
मग मी चौकटीची वही केली :
तारीख. ठिकाण. काय विचारलं.
काय सांगता आलं नाही.

चौथा रकाना सगळ्यात आधी भरला.
तो घेऊन दर मंगळवारी लायब्ररीत जाते.
सेन्नी तिथली, माझ्या मुलीपेक्षाही लहान,
पहिल्या दिवशी तिने माझ्या हातातला माउस
काही न बोलता सुलटा केला.
आता मला बेरजा आपोआप करवता येतात,
आणि "संघात काम" म्हणजे काय तेही कळलं :
रात्रपाळीला रोल फाटला की
आम्ही सहाजण एकमेकांकडे न बघता जे करायचो, ते.
त्याला नाव असतं हे माहीत नव्हतं.

एकेचाळीस अर्ज.
सव्वीस नकार, एकाच साच्यातून काढलेले,
चौदा ठिकाणी नुसती शांतता.
शांततेचं मला वावडं नाही,
पण ही आमच्यातली नव्हे.

एक बोलावणं, ओउलूहून.
पार्सलचं गोदाम, माल तपासणीस.
आदल्या रात्री कोट खुर्चीवर, बुटांना काटे,
बसचं वेळापत्रक दोनदा,
त्यांच्या गोदामाचे दरवाजे किती, तेही पाठ.
आणि माझी माहिती, दोन पानं,
ऐंशी ग्रॅमवर छापलेली.
अंगठ्याने पान चाचपलं,
दिव्यासमोर धरलं.
आमचा नव्हता. तरी बरा होता.

अकराला सूर्य जरा डोकावला,
तेवढ्यात मला आत घेतलं.
दोघं तरुण. हेन्रिक्का आणि दुसरा, नाव विसरले.
प्रश्नपत्रिका छापायला गेले
तर प्रिंटर दोन दोन पानं गिळून अडकायला लागला.
तिसऱ्यांदा अडकला, तशी मी उठले.
म्हटलं, गठ्ठा कुठे होता?
बाहेरच्या शेडमध्ये, उणे वीसमध्ये.
आत्ताच आणला.

म्हटलं, मग त्याला लगेच कामाला लावू नका.
थंडीतून आलेला कागद
आधी खोलीत बसू द्यावा लागतो, दिवसभर,
उघडायचा नाही, हात लावायचा नाही.
त्याला ऊब कळली
की मग तो सरळ चालतो.

हे बोलताना माझा आवाज कसा होता, माहीत नाही.
सव्वीस वर्षांत एवढं सलग
मी कोणाशी बोलले नसेन.

त्यांनी सगळं लिहून घेतलं.
कळवतो म्हणाले.

परतीच्या बसमध्ये वही काढली,
चौथ्या रकान्यात लिहायला काही नव्हतं,
म्हणून तिथे एक आडवी रेघ मारली.
तीन वाजले होते, काळोख पडला होता.
रेघेखाली बेचाळीस लिहिलं,
आणि पेन्सिलीला टोक काढलं.