साडेचार मिनिटं

पाडव्याला ठरवलं, वर्षात बारा पुस्तकं.
घरात कुणाला बोललो नाही.
गेल्या पाडव्याला तंबाखू सोडली होती,
ती जोतिबाच्या यात्रेआधीच परत आली.

शिरोलीत, तिसऱ्या शेडमध्ये माझं मशीन.
जॉब चकात धरायचा, दार ओढायचं, हिरवं बटण,
की पंपाची बॉडी आतल्या आत फिरत राहते
साडेचार मिनिटं.
तेवढा वेळ माझं काम फक्त उभं राहणं.
सोळा वर्षं उभा आहे.
काचेवरची कूलंटची पांढरी धार बघत,
मोबाइलवर पेठेतल्या पोरांनी मारलेले गोल बघत,
बऱ्याचदा काहीच न बघत.

डब्याच्या झाकणावर खडूनं हिशेब मांडला:
नव्वद जॉब गुणिले साडेचार,
चारशे पाच मिनिटं. पावणेसात तास!
एवढा मोकळा वेळ तर संस्थानिकाला नसेल.
मग मोजमाप वजा, बर घासणं वजा,
चहा, मगदूम सुपरवायझरची फेरी,
सगळं वजा जाता जॉबमागं
एक पान उरलं.
एक तर एक.

आमच्या गल्लीचं वाचनालय तालमीच्या माडीवर.
खाली लाल माती, शड्डू, दोरीवर वाळणारे लंगोट,
वर सरनाईक बाई आणि चार कपाटं.
पहिलं पुस्तक परत दिलं तर त्यांनी नाकाला लावलं.
"तेलाचा वास येतोय."
मी दंडासाठी खिशात हात घातला.
त्यांनी जुनं कॅलेंडर फाडून दुसऱ्याला कव्हर घातलं,
ऑगस्ट महिना बाहेर आला.

श्रावणात पुण्याहून कंपनीचा माणूस नवं इन्सर्ट घेऊन आला.
सायकल टाइम तीन मिनिटं पन्नास सेकंद.
मालकांनी सगळ्यांना वडे वाटले.
मीही टाळ्या वाजवल्या, दातात मिरची धरून,
आणि मनात मोजलं: चाळीस सेकंद,
म्हणजे एक परिच्छेद गेला.

नेमकी तेव्हाच पुस्तकातली बाई
पत्र हातात घेऊन उंबऱ्यावर उभी होती,
आणि बझर वाजला.
जॉब काढला, लावला, वळून बघतो तर
पुस्तक रायगोंडा मगदूमांच्या हातात.
आता मेमो.
ते उभ्या उभ्या पान वाचत राहिले.
बझर वाजला. त्यांना ऐकू आला नाही.
मी जॉब काढला, लावला, बटण दाबलं.
"पत्रात काय असतंय?"
"कुठलं कळायला. तुम्हीच घेतलंसा की."
पुस्तक गेजच्या पेटीखाली सरकवत म्हणाले,
"कळलं की सांग. आणि माझ्यासमोर वाचू नकोस."

सोमवारी कारखान्याला सुट्टी.
रंकाळ्याच्या कठड्यावर बसलो, अख्खी सकाळ माझी.
चार मिनिटांत उजवा हात उठला
हिरवं बटण शोधायला.
समोर म्हशी पाण्यात उतरत होत्या,
त्यांना घाई नव्हती, मला होती,
कसली ते सांगता येईना.
तीनदा तीच ओळ वाचली.
मोकळा वेळ मला अजून वाचता येत नाही.

दिवाळीपर्यंत पाच झाली. बारा होत नाहीत.
पत्र कुणाचं होतं ते कळलं, मगदूमांना सांगितलं,
ते दिवसभर गप्प होते.

त्या पानाच्या कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा काळा ठसा,
पुसायला गेलो तर पसरला.
त्याच्या शेजारी आधीचा एक आहे, पिवळा,
हळदीच्या बोटाचा.
तिलाही तिथंच थांबावं लागलं असणार,
पत्र न फोडता.
किती वेळ होता तिच्याकडं?
दोन शिट्ट्या, फार तर तीन.