कारण: मन बदललं

पावणे एमआयडीसीत माझं टेबल सात नंबरचं.
पट्ट्यावरून पिशव्या येतात,
मी फाडते, झटकते, हुंगते.
हो, हुंगते. आधी काख, मग गळा.
पहिल्याच दिवशी शिकवतात, चहाच्या आधी.

पिशवीवर कारण छापलेलं असतं.
माप बसलं नाही.
रंग फोटोसारखा नाही.
आणि सगळ्यांत जास्त वेळा: मन बदललं.
गणपतीनंतरच्या सोमवारी तर
जेवणाच्या सुट्टीपर्यंत चारशे मनं बदललेली असतात.
काहींच्या बाहीला गुलाल,
एका कुर्त्याच्या खिशात दुर्वांची जुडी,
सुकलेली, दोरा तसाच.

ए म्हणजे परत विक्रीला.
बी म्हणजे किलोवर.
सी म्हणजे निळी गोणी.
सी असेल तर आधी कटर मारायचा,
गळ्यापासून खाली उभा, मग आडवा,
म्हणजे कुणी घरी नेणार नाही.
करिश्मा मढवी पहिल्या आठवड्यात रडली होती
एका अबोली फ्रॉकपायी.
आता सगळ्यांत भराभर तीच कापते.
गोणी कुठे नेतोस, टेम्पोवाल्याला विचारलं,
तर म्हणाला, मावशी, तुमचं टेबल सात ना?

माझे वडील चरईत, जिन्याखाली, शिवायचे.
खडूने रेघ मारायचे
आणि रेघेच्या बाहेर दीड इंच सोडून कात्री लावायचे.
त्या दीड इंचाला शिंपी माया म्हणतात.
पोर वाढेल, बाई बाळंत होईल,
सस्तेमास्तर रिटायर होतील आणि पोट सोडतील,
तेव्हा शिवण उसवायची
आणि आतली माया बाहेर काढायची.
शाळेचा एक झगा मी चौथी ते सातवी घातला.
घेराला दर वर्षाची एक गडद रेघ, जुन्या दुमडीची.
मैत्रिणींना सांगायचे, डिझाइन आहे.
लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

इथे कुर्ती उलटी करते, शिवण बघते.
ओव्हरलॉक, आणि ओव्हरलॉकच्या पलीकडे काही नाही.
नखाएवढंही नाही.
शिवणाऱ्याला काय बोलणार?
तासाला किती नग, ते त्याच्याही भिंतीवर लिहिलेलं असणार.

परवा हळदी रंगाचा लांब ड्रेस आला.
कुठल्याही टेबलावर गेला असता.
हुंगला.
भाजलेली सुकट, तिच्यावर डांबरगोळी.
आमचं कपाट.
पत्ता घणसोलीचा, नंबर माझा.
वेदिकाने रविवारी नेरुळला फ्लेमिंगोंपुढे फोटो काढले होते,
टॅग आत खोचून.
तो मानेला टोचायचा, म्हणून सारखी मान वळवायची.
फोटोत वाटतं, पक्षी बघतेय.

कारण: मन बदललं.

सहाशे एकोणपन्नास रुपये.
काखेत घाम, काठाला खाडीचा चिखल.
नियमाने सी.
सुपरवायझर दोन टेबलं पलीकडे पाठमोरा.
मी चिखल नखाने खरवडला आणि ए लिहिलं.
आता माझ्या पोरीचा घाम
कुणाच्या तरी दारात नवा म्हणून जाईल.
दिवसभर पुढच्या पिशव्या जोरजोरात फाडल्या.

संध्याकाळी भाकऱ्या थापत होते.
आई, पैसे आले परत, म्हणाली.
आणि हा बघ, हिरवा. एम घेऊ की एल?
की दोन्ही मागवू, एक परत करता येतो.

हात धुतले. बाबांची टेप काढली.
पहिले चार इंच झिजून कोरे झालेत,
पाचापासून मोजायचं आणि मनात वजा करायचं.
एकवीस वर्षांची झाली,
कुणी तिचं माप घेतलेलं नाही.
तिला तिचं फक्त अक्षर माहीत.
गुदगुल्या होतात म्हणून हसायला लागली.
सरळ उभी राहा. श्वास धरू नकोस.
साडेचौतीस, मी म्हटलं, आणि वर दीड.

वर दीड कशाला?