गुरुवारी पाणी बंद

बागवान मॅडमनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली
आणि पेनाचं टोक टेकवलं, हा बघा.
मला आधी नुसता धूर दिसला.
मग धुरात आडवा पडलेला एक दात,
टाळूच्या हाडात, कुशीवर झोपल्यासारखा.
डावा सुळा.
अकरा-बाराला खाली यायचा.
प्रांजल साडेतेराची झाली,
आणि दुधाचा सुळा अजून जागा अडवून,
रिटायर होऊन केबिन न सोडणाऱ्या साहेबासारखा.

वाट चुकला का? मी विचारलं.
तसंच, मॅडम म्हणाल्या,
आणि शेजारच्याचं मूळ घासतोय.
राहू दिला तर तो चांगला दातही जाईल.

मी पाणीपुरवठ्यात. व्हॉल्व्हची चावी फिरवतो,
पर्वती पायथा ते दांडेकर पूल, एकोणीस वर्षं.
कागदावरची लाइन रस्त्यात तिथेच असते असं नाही,
हे मला कुणी शिकवायला नको.
गजाचं एक टोक डांबरावर, दुसरं कानाला,
रात्री दोनला, गाड्या थांबल्यावर,
आम्ही जमिनीचं ऐकतो.
कुठेतरी सूं वाजतं. तिथे खणायचं.
कधी चुकतं. मग शेजारी दुसरा खड्डा,
आणि पेपरात फोटो.

म्हणून म्हटलं, कुठे खणायचं ते नक्की माहितीय ना?
शैलानं कोपरानं ढोसलं.
मॅडम हसल्या नाहीत.
सगळ्या बाजूंनी दाखवणारा आणखी एक फोटो काढायला पाठवलं,
टिळक रोडला.

आठ महिने नुसती जागा करण्यात गेले.
तारा, ठिपके, एक इवली स्प्रिंग.
येणाऱ्यासाठी आधी सरकायचं, मग त्याला बोलवायचं.
दहा बाय बाराच्या खोलीत आम्हाला हे पटकन कळलं.
भाकरी दुधात कुस्करून. पेरू बंद, चिक्की बंद.
हसणं तर आधीपासूनच तळहातामागे,
सहावीत कुणीतरी 'बाळदात' म्हणाल्यापासून.

ऑपरेशनची तारीख निघाली गुरुवारची.
पुण्यात गुरुवार म्हणजे काय ते पुणेकराला सांगावं लागत नाही.
रजा मिळाली नाही.
ती खुर्चीत, टाळूला इंजेक्शन,
मी लक्ष्मीनगरच्या कोपऱ्यावर छातीएवढ्या खड्ड्यात.
तिकडे नेर्लेकर डॉक्टर हिरडीचा पडदा उचलतायत,
इकडे हुसेननं फावडं वर फेकलं.
शेवटची चार बोटं माती हातानंच काढायची असते.

पावणेबाराला फोन.
दिसला, शैला म्हणाली. पांढरा आहे.
मी चिखलातच बसलो.
काय झालं? हुसेन.
लाइन सापडली, मी म्हटलं.

रात्री टॉर्च मारून बघितलं.
टाळूतून साखळी निघालेली, सोन्याची,
मुंगीच्या पायाएवढी बारीक,
टोक तारेला बांधलेलं.
शैलाची पाटली त्याच महिन्यात सोनाराकडे गेली होती.
बघा, म्हणाली, घरातलं सोनं घरातच आहे.

मग महिन्याला एक मिलिमीटर.
ओढायचं, पण दमानं.
एकदम चावी फिरवली तर जुन्या पेठेतली लाइन फुटते,
तसंच हे, मॅडमना मी समजावून सांगितलं.
दर खेपेला साखळीची कडी कापली जायची
आणि मॅडम ती प्रांजलच्या हातावर ठेवायच्या.
काडेपेटीत अकरा कड्या आहेत.

संक्रांतीनंतर सुळा ओळीत येऊन उभा राहिला.
शेजाऱ्यांहून जरा पिवळा. सुळे असेच असतात म्हणे.
तरी हसताना तिचा हात वर जातोच.
मॅडमच्या ट्रेमध्ये हातासाठी काही नाही.
शैला चिडते, एवढा खर्च मग कशासाठी केला?

मी काही बोलत नाही.
पहाटे साडेचारला व्हॉल्व्ह उघडतो.
टेकडीवरच्या शेवटच्या घरात पाणी लगेच पोचत नाही.
आधी नळ खोकतो, हवा सोडतो,
थोडं तांबडं थुंकतो.
तिथल्या बाईला ते माहीत असतं.
ती कळशी लावून ठेवते.