जिथे फुली, तिथे काळं

पेन्सिलीची बारीक फुली असते.
जिथे फुली, तिथे काळं भरायचं.
कुरामोची-सानांच्या घरी पहिल्या दिवशी
एवढंच शिकवलं मला,
आणि चहाचा डबा कुठे असतो ते.

त्याला एकतीस वर्षं झाली.
केस, कोट, कावळे, बोगद्याचं तोंड,
खून झालेल्या माणसाच्या खोलीतला कोपरा,
नेरिमातली रात्र, समुद्रावरची रात्र
(दोन्ही वेगळ्या असतात, शाई एकच असते),
सगळं माझ्या हातून गेलंय.
चेहरे त्यांचे. डोळ्यांतला पांढरा ठिपका त्यांचा.
भोवतालचा अंधार तेवढा माझा.

आई फोनवर विचारायची, तू नक्की करतेस काय?
भरते, म्हणायचे.
काय भरतेस?
जे मोकळं राहिलंय ते.
मग आई गप्प.
आमच्या कॉमिक्समध्ये गप्प होण्यालाही अक्षरं असतात:
शीऽऽन.
चौकटीत कुणीच बोलत नसतं तेव्हा ती उमटतात,
कधी छताएवढी, कधी भिंतीला टेकून.
त्यांच्या पोटातलं काळंही मीच भरते.
आई गेली त्या आठवड्यात
पाच ठिकाणी भरलं.

एकदा आओमोरीहून पत्र आलं.
शाळकरी अक्षर, खाली नाव नाही.
"अकराव्या पानावरची रात्र
आमच्या बाबांच्या बंद दारासारखी आहे.
ती कोणी काढली?"
कुरामोची-सानांनी वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला,
आणि काही न बोलता
माझ्या शाईच्या बाटलीखाली ठेवून दिलं.
त्यावर आता एक गोल डाग आहे.
उत्तर मी अजून दिलेलं नाही.
काय लिहू?
फुली होती, म्हणून?

फेब्रुवारीत ते गेले.
शेवटचं प्रकरण माझ्या टेबलावर राहिलं.
अठरा पानं. सतरा झाली.
शेवटच्या चौकटीत म्हातारा धक्क्यावर उभा, पाठमोरा.
नऊ वर्षं तो ज्याला त्याला विचारत आलाय,
मी जगलो ते कशासाठी?
मासळीवालीला विचारलं, पोलिसाला विचारलं,
एकदा तर मांजराला.
इथे त्याच्या डोक्यावर फुगा आहे.
फुगा रिकामा.
आभाळ रिकामं.
फुली नाही.

कागद तिरका धरून दिव्याखाली पाहिला.
खोडल्याची खूण नाही, दाबाचा वळ नाही.
विसरले असतील.
किंवा रात्र की सकाळ
त्यांचंही ठरत नसेल.
किंवा मुद्दाम, माझ्यासाठी...
नको. असलं काही मनात आणू नये.

संपादक मोरिवाकी पहाटे पाचला येणार.
रॉकेलचा हीटर घुरघुरतोय.
मोज्यांना टोनचे कपटे चिकटलेत, चालले की चकाकतात.
साडेतीनला मी पेन्सिल उचलली,
जिला या घरात माझा हात कधी लागला नव्हता,
आणि आभाळाच्या कोपऱ्यात एक फुली काढली.
त्यांच्या फुलीहून जरा वाकडी.
शाळेत हिला चूक म्हणायचे.

मग कुंचला भिजवला.
धक्क्याच्या कडेने सुरुवात केली,
हळूहळू खांद्यावरून वर, मानेपाशी,
म्हाताऱ्याच्या कानापर्यंत आले.
कानाभोवती केसाएवढं पांढरं सोडलं.
ते कोणी शिकवलं नव्हतं.
फुग्याला हात लावला नाही.

खाली बेल वाजली.
थांबा, मी जिन्यातून ओरडले,
ओलं आहे अजून.