मिठाची राणी : तिसरा खर्डा

डुलुथमध्ये रात्रीचे साडेअकरा.
तळघरातला हीटर खोकतोय
आणि मी स्वतःशीच लढतेय.
डावा हात राणीचा, उजवा त्या चौघांचा.
वीस बाजूंचा फासा
दोन्ही हातांना सारखाच परका.

हिवाळाभर मी काउंटीचा मिठाचा ट्रक चालवते,
बर्फावर मीठ पेरत जाते पहाटे चारला.
म्हणून ही राणी. दुसरं काही सुचलंच नाही.

पहिल्या खर्ड्यात तिला दिले तीनशे प्राण
आणि एक फुंकर, जिने रक्ताचं मीठ होतं.
तिसऱ्या फेरीत चौघेही गार.
उजव्या हाताने पाणीसुद्धा मागितलं नाही.
आठवडाभर राबून शनिवारी आलेल्या माणसांना
कुणी असं मारतं का?

दुसऱ्या खर्ड्यात प्राण नव्वद.
तोंड उघडायच्या आत मेली.
तिचं भाषण, मी घासूनपुसून लखलखीत केलेलं,
माझ्याच घशात अडकलं.

कागदावर सगळं मोजता येतं.
चिलखत सतरा, फेरीला घाव दोन,
मारिटची मलमं किती पुरतील,
तुओमास कितव्या फेरीत चिडून पुढे घुसेल, तेही.
ओडेलचं काय मोजू?
बंदरात लोहखनिजाची जहाजं भरणारा ओडेल,
प्रत्येक डावात पहिलं दार तोच उघडायचा.
मार्चमध्ये आयलीन गेली.
आता दाराशी हात नेतो आणि जरा थांबतो.

राणीकडे एक शक्ती होती :
गेलेल्या माणसाच्या आवाजात हाक मारणं.
नियमात बसत होती, आकड्यांत चोख.
खोडली.
इतकी खोडली की कागद विरला.

मग तिच्या हाती उरलं काय? नुसते प्राण, एकशे पासष्ट.
थर्मासमधलं सूप अळणी होतं, मीठ घेतलं, ढवळलं,
आणि कडेला लिहून ठेवलं :
जो तिचं मीठ खाईल
त्याच्यावर तिला हात उगारता येणार नाही.
त्याखाली, जरा विचार करून :
आणि त्याला तिच्यावर.

शनिवार.
खाली मारिटने आणलेल्या पिझ्झाचा वास,
तिचा बारा वर्षांचा लाइफ फासे हातात खुळखुळवतोय.
पडद्याआड मी पेन्सिलीला टोक करून तयार,
प्राण वजा करायला.
राणीच्या दालनात लांबलचक टेबल, ताटं मांडलेली,
मधोमध मिठाचा ढीग.
तुओमास म्हणाला, विष असणार.
लाइफ म्हणाला, जाळून टाकू.

ओडेलने खुर्ची ओढली. खरीखुरी,
तिचा पाय फरशीवर किरकिरला.
"मी बोट टेकवतो," म्हणाला, "आणि चाखतो."
मग पडद्याच्या वरून सरळ माझ्याकडे बघत :
"बाई, हे एवढं ताट कुणासाठी मांडून ठेवलंय?"

माझ्याकडे चार पानं होती.
फुंकर होती, भाषण होतं.
ह्या प्रश्नापुढे एकही आकडा नव्हता.

"थांब," मी म्हटलं, "बघते,"
आणि उगीचच कागद उलटत राहिले.
बाहेर दुसऱ्याच कुणाचा तरी ट्रक
मीठ टाकत चढ चढत होता.
लाइफने फासे खाली ठेवले.
ओडेलला घाई नव्हती.