फुली

मल्लिनाथ हिप्परगी, मुनीम, अक्कलकोट रोडचा टॉवेल कारखाना.
संध्याकाळी सात वाजता
माझ्या प्रोग्रॅमच्या कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारतात,
हात झटकून उठतात.
झालं. बंद.

पण डब्याचा पंखा घुमतच राहतो.
खाली घड्याळाशेजारी
एक हिरवा ठिपका.

सकाळी फोन :
"ताई, हे आत काय करलालंय?
शटर ओढून कुलूप घातलं मी,
आणि आतून कुणीतरी शिंकतंय."

मोजतंय काका, म्हटलं,
चोवीस मागांचे मीटर, रात्रपाळीचे, तुम्ही नसताना.

"मग सांगून बसावं की.
न सांगता आत बसतो त्याला
आमच्यात वेगळा शब्द आहे."

तो शब्द मला माहीत होता.

रविवारभर वहीत एकच प्रश्न :
फुली म्हणजे काय?
"मर", की "जरा बाजूला सरक"?

घरी नान्ना.
तीस वर्षं चार माग, एकटे.
दुपारी दोन मागांच्या बोळात
पाठ टेकली की डोळा लागायचा त्यांचा,
त्या खडखडाटात, जिथं
समोरच्याचं बोलणं ओठांवरून वाचावं लागतं.
आणि तिसऱ्याचा ताणा तुटला,
पत्ती पडली, माग थांबला,
की जागे.
आवाजानं नाही,
चारांतला एक आवाज वजा झाला म्हणून.

झोपेत मोजायचात का, नान्ना?
"मोजत नव्हतो. असायचो."
तेलुगूत म्हणाले ते.
मराठीत इतकंच उतरतं.

सोमवारी मी पहिल्यांदा ती टिंग काढली,
"आजचे मीटर पूर्ण, अभिनंदन!" म्हणणारी.
मग तो काटा काढला
जो दर सेकंदाला उठून विचारायचा,
काही आहे का, काही आहे का,
कामावर नवीन लागलेल्या पोरासारखा.
मे महिन्यात जुना डबा त्यानंच तापायचा.
आता धागा तुटला तरच ऊठ.

लाइट गेली की नान्नांचा हात आधी धोट्यावर जायचा.
अध्येमध्ये अडकलेला धोटा
लाइट आल्याबरोबर अख्खा ताणा फाडतो.
म्हणून प्रत्येक मीटर
मोजल्या मोजल्या लिहून ठेवायचा,
नंतर लिहू म्हणायचं नाही.
एवढं सगळं तीन दिवसांत झालं.

उरलं एक वाक्य.
ते अकरा वेळा लिहिलं.
"खिडकी मिटली तरी मी मोजत राहीन. चालेल?"
खाली दोन बटणं : हो. नको, पूर्ण थांब.
पुण्याहून साहेब म्हणाले,
"हो" मोठं कर, निळं कर, "नको" जरा पुसट.
मी दोन्ही सारखी ठेवली.
अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

हिप्परगी काकांनी चष्मा पुसला,
वाक्य मोठ्यानं वाचलं,
आणि "नको" दाबलं.

आता रात्रीचा रकाना कोरा असतो.
सकाळी ते मागामागावर हिंडून
खडूच्या खुणा बघतात, आकडे स्वतः भरतात.
दोनदा चुकले.
"चुकलं, पण मला माहीत आहे कुठं चुकलं,"
म्हणाले, आणि शेंगाचटणीची पुडी
माझ्या पर्समध्ये कोंबली.

नान्नांचे चारही माग
दोन वर्षांपूर्वी भंगारात गेले, किलोवर.
तेव्हा कुणी "चालेल?" विचारलं नव्हतं.
रात्री अडीचला ते उठून बसतात.
चाराचे चारही आवाज वजा.

मी काही बोलत नाही.
लॅपटॉप उशाशी आणते,
प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती लावते,
ती बावळट,
दर सेकंदाला उठणारी.
खिडकी मिटते.
थोड्या वेळानं पंखा घुमू लागतो.

नान्ना कूस बदलतात.